झालेला खर्च आणि उरलेली वर्षे

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल हाती येतो, किंवा वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या सत्राची परीक्षा आटोपते, आणि एके दिवशी मुलगा वा मुलगी घरी सांगते की हे शिक्षण यापुढे नको. चित्रकला शिकायची आहे, नाटक शिकायचे आहे, चित्रपटाचे संकलन शिकायचे आहे. असे प्रसंग आज विरळ राहिलेले नाहीत. त्यानंतर घरात जे बोलणे होते त्याचा क्रमही ठरलेला असतो. आई विचारते, ‘कोणी काही बोलले का तुला?’ वडील विचारतात, ‘आणि आजवर भरलेल्या पैशांचे काय?’

वडिलांचा प्रश्न स्वाभाविक आहे. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, मोडलेली मुदत ठेव, डोक्यावरचे शैक्षणिक कर्ज हे सारे त्या प्रश्नामागे उभे असते. तरीही हा प्रश्न निर्णयाच्या कामाचा नाही, हे बँकेत काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागू नये. अर्धवट राहिलेल्या कारखान्याचा मालक वाढीव कर्ज मागायला आला आणि ‘आजवर पुष्कळ पैसा घातला आहे’ एवढेच कारण त्याने पुढे केले, तर कोणताही शाखाधिकारी त्यावर समाधान मानणार नाही. यापुढे घातलेला रुपया काय उभे करील, हेच विचारले जाईल. गेलेला पैसा दोन्ही मार्गांनी गेलेलाच असतो. विद्यार्थी त्याच वर्गात बसून राहिला म्हणून तो परत येत नाही. व्यवहारातील हा साधा नियम घरातल्या मुलाला लावताना मात्र भल्या भल्या हिशेबी माणसांचा हात थबकतो. कारण त्या पैशांबरोबर आईवडिलांनी एक चित्र मनाशी धरलेले असते, आणि ते कोणत्याही खात्यात जमा झालेले नसते.

दुसऱ्या टोकाचा सूरही तितकाच सैल आहे. ‘मन सांगेल ते करा, यश आपोआप येईल’ असे सांगणारी भाषणे सभागृहांतून टाळ्या घेतात. ज्यांना यश आले ते व्यासपीठावर असतात. ज्यांना आले नाही त्यांना कोणी बोलावत नाही, इतकेच. तेव्हा एखादे खरे उदाहरण त्याच्या सर्व तपशिलांसह पाहिले, तर या विषयावर अधिक स्वच्छ विचार करता येतो.

सत्यजित राय यांचे नाव चित्रपटामुळे जगाला ठाऊक आहे. त्यांच्या शिक्षणाचा प्रवास मात्र फारसा सांगितला जात नाही. जन्म १९२१ चा. वडील सुकुमार राय बंगालीतील थोर विनोदी लेखक. पण सत्यजित अवघे दोन वर्षांचे असताना, १९२३ साली, ते निवर्तले. पुढे घरचा छापखानाही हातातून गेला. आई सुप्रभादेवींनी आप्तांच्या आश्रयाने राहून, स्वतः शिकवण्याचे काम करून मुलाला वाढवले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी आधी विज्ञान घेतले आणि नंतर अर्थशास्त्राकडे वळले. हे वळण आवडीचे नव्हते. थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस हे घरचे स्नेही. त्यांच्या सल्ल्याने, पुढे नोकरीची सोय होईल या हिशेबाने ते घेतले गेले. म्हणजे आजच्या घरांत जे घडते तेच तेव्हाही घडत होते. पदवी मिळाली. त्या विषयात मन मात्र रमले नाही.

इथून पुढची गोष्ट अपेक्षेच्या उलट आहे. मुलाला नोकरी हवी होती; कलेचे शिक्षण घे असा आग्रह आईने धरला. शांतिनिकेतनात रवींद्रनाथांच्या सान्निध्यात काही काळ काढावा, ही तिची इच्छा. विधवा, मिळकत बेताची, एकुलता एक मुलगा पदवीधर होऊन कमावता होण्याच्या उंबरठ्यावर; अशा स्थितीत तिने त्याला आणखी शिकायला पाठवले, तेही चित्रकला. मुलाचे शांतिनिकेतनाविषयी फारसे चांगले मत नव्हते. तरीही १९४० साली तो कलाभवनात दाखल झाला. तिथे नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखोपाध्याय यांच्यासारखे गुरू लाभले. विनोदबिहारींची दृष्टी बालपणापासूनच अधू होती आणि पुढे ती पूर्णपणे गेली. त्यांच्यावर १९७२ साली राय यांनी एक अनुबोधपटही काढला. शांतिनिकेतनाच्या त्याच काळात सहाध्यायांसोबत अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीची यात्रा घडली, आणि पाश्चात्त्य संगीत व चित्रपटांत रमलेल्या या तरुणाला भारतीय शिल्पाची आणि चित्राची ओळख झाली ती महाराष्ट्राच्या या लेण्यांत.

आणि मग? १९४२ च्या अखेरीस अभ्यासक्रम अर्धा टाकून राय कोलकात्याला परतले. आपला पिंड चित्रकाराचा नाही, हे त्यांना एव्हाना उमगले होते. आजच्या घरगुती भाषेत बोलायचे तर मुलाने ‘एक धड केले नाही’. १९४३ साली डी. जे. कीमर या जाहिरात संस्थेत मासिक ऐंशी रुपयांवर ते रुजू झाले. त्या नोकरीच्या जोडीने सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठे आणि आतील चित्रे काढण्याचे काम चालू झाले. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघत होती; तिची चित्रे काढता काढता त्या कथेत एक चित्रपट दडलेला आहे हे त्यांना दिसू लागले. १९४७ मध्ये त्यांनी मित्रांसह कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५२ मध्ये चित्रीकरणाला प्रारंभ झाला, आणि १९५५ मध्ये चित्रपट पडद्यावर आला. हे चित्रीकरण सुट्यांच्या दिवशी आणि जमेल तसे होत असे, कारण नोकरी सुटलेली नव्हती. पैसा कमी पडला तेव्हा विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढले गेले, पत्नीचे दागिने गहाण पडले, आणि अखेर पश्चिम बंगाल सरकारच्या साहाय्याने काम पुरे झाले.

या साऱ्या हकिकतीत ‘आवडीच्या मागे धावला आणि जिंकला’ एवढा सरळ धागा कुठेच नाही. विषय बदलला, बदललेला विषयही सुटला, आणि जे अखेर हाती आले त्याचे शिक्षण त्यांनी कुठल्याही संस्थेत घेतले नव्हते. तरीही शांतिनिकेतनातली ती अडीच वर्षे वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. चित्रपटाच्या प्रत्येक दृश्याची आधी रेखाटने करून ठेवण्याची त्यांची पद्धत, चौकटीतील वस्तूंची मांडणी, खेड्याकडे पाहण्याची नजर, या सर्वांवर त्या वर्षांची छाया आहे. विद्यार्थ्याने अभ्यासक्रम बदलला म्हणजे त्याने एक नेमके मुक्कामाचे ठिकाण निवडले, असे पालक समजतात. खरे तर त्या वयात एवढेच कळलेले असते की पाय कोणत्या दिशेला ओढ घेतात. सतराव्या वर्षी, प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून, शेजारच्या मुलाने काय घेतले ते पाहून केलेली निवड एकोणिसाव्या वर्षी चुकीची वाटली, तर त्यात लज्जास्पद काय आहे?

राय यांच्यानंतर चारच वर्षांनी, १९४४ साली, कलाभवनात आणखी एक अर्थशास्त्राचा विद्यार्थी आला. के. जी. सुब्रह्मण्यन् मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत होते; स्वातंत्र्य चळवळीत त्यांना तुरुंगवास घडला आणि सरकारी महाविद्यालयांची दारे बंद झाली. त्यांची वाट परिस्थितीनेच मोडली होती. पुढे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला विभागात त्यांनी चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या.

तथापि या उदाहरणांवरून प्रत्येकाने वाट बदलावी असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सुधीर पटवर्धन यांनी १९७२ साली पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्यकीय पदवी घेतली, २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केले, आणि त्याच वर्षांत ते भारतातील अग्रगण्य चित्रकारांपैकी एक झाले. उपनगरातील कामगार, रेल्वेचे पूल, इराण्याच्या हॉटेलात बसलेली माणसे त्यांच्या चित्रांत आली. व्यवसायाने त्यांच्या कलेला रोजचा भाकरतुकडा तर दिलाच, पण माणसाच्या शरीराकडे पाहण्याची एक सवयही दिली असावी. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून पुण्यात आणि आफ्रिकेत काम करून, वयाची चाळिशी उलटल्यावर, १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमीवर आले. अमोल पालेकर यांनी सर ज. जी. कला महाविद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि अभिनयाकडे वळण्यापूर्वी एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. ग्राहकांपैकी किती जणांनी त्या काळी त्यांच्याकडून पासबुक भरून घेतले असेल, कोण जाणे!

मग बदलावे केव्हा आणि थांबावे केव्हा? याला सूत्र नाही. मात्र एक कसोटी अशी आहे की जिने पुष्कळ संभ्रम दूर होतो. मुलाला काय आवडते यापेक्षा, कोणी न सांगता गेल्या दोन वर्षांत त्याने काय केले, हे पाहावे. चित्रकलेची ओढ असलेल्या विद्यार्थ्याकडे रेखाटनांच्या भरलेल्या वह्या असतात. त्यातील निम्मी चित्रे फसलेली असतात आणि तीही त्याने जपलेली असतात. नाटकाची ओढ असलेली मुलगी एकांकिका स्पर्धेत भूमिका मिळाली नाही तर प्रकाशयोजना सांभाळते, नेपथ्याच्या फळ्या उचलते. कर्ज देताना बँक जसा मागील खातेउतारा पाहते, तशीच ही गोष्ट आहे. उताऱ्यावर काहीच नोंद नसेल, आणि केवळ गणिताच्या तिसऱ्या प्रश्नपत्रिकेत अपयश आल्यावर अचानक छायाचित्रणाची आवड उफाळून आली असेल, तर ती आवड नव्हे. ती सुटका आहे. सुटकेची गरजही खरी असू शकते आणि तिच्याकडे तितक्याच आस्थेने पाहिले पाहिजे, पण तिचा उपाय वेगळा. तिथे कदाचित एखाद्या सत्राची विश्रांती पुरेल, महाविद्यालयातील समुपदेशकाची भेट पुरेल, किंवा शाखा तीच ठेवून विषय बदलणे पुरेल.

ही सुटका जेव्हा मागता येत नाही तेव्हा काय घडते, तेही सांगायला हवे. अनेक विद्यार्थी राहिलेल्या विषयांची संख्या घरी कळू देत नाहीत. एटीकेटीचे दोन विषय चार होतात, चाराचे सहा होतात. घरी मात्र ‘निकाल राखून ठेवला आहे’ असे सांगितले जाते. वसतिगृहाच्या खोलीत दिवसचे दिवस बसून राहणारी, वर्गात न जाणारी ही मुले आळशी नसतात. ज्या चित्रासाठी आईवडिलांनी ठेव मोडली ते चित्र आपण मोडतो आहोत, ही भीती त्यांना गप्प बसवते. दोन वर्षांचे शुल्क बुडणे हे नुकसान आहेच. मुलाने दोन वर्षे घरी खोटे बोलावे, हे त्याहून किती तरी मोठे नुकसान आहे, आणि ते भरून काढायला कोणतीही योजना उपलब्ध नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पीळ आहे. मुलीने संगीत वा नृत्य शिकायला घराची सहसा हरकत नसते, कारण ते ‘छंद’ म्हणून धरलेले असते. तिने ते चरितार्थाचे साधन करायचे म्हटले की सूर बदलतो. मुलाच्या दोन वर्षांचा हिशेब पगाराच्या भाषेत होतो आणि मुलीच्या दोन वर्षांचा लग्नाच्या वयाच्या भाषेत. हा दुसरा हिशेब आता तरी बंद व्हावयास हवा.

ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेले आहे, जिथे दोन एकर जमीन आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण त्या एका पदवीवर टांगलेले आहे, तिथे विद्यार्थ्याने स्वतःचा निर्णय लांबणीवर टाकला, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार सुखवस्तू माणसाला नाही. अशा विद्यार्थ्याला पदवी पूर्ण करूनही कलेकडे जाता येते, हे त्याला वेळेवर सांगणारा कोणी भेटला पाहिजे. पुण्याच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेतील दिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांसारख्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. किंबहुना पदवी लागतेच. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचेही तसेच. तिथे पदवीबरोबर रंगभूमीवरील कामाचा अनुभव मागतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ पासून चालू असलेल्या अभिकल्प केंद्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला अभियंते मोठ्या संख्येने जातात. दोन वर्षे झालेली पदवी रागाच्या भरात सोडून दिली, तर नेमकी हीच दारे बंद होतात, आणि हे अनेकांना फार उशिरा कळते. उलट, अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या पदवी अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण असणे पुरते, पण तिथे वयाची मर्यादा आहे; वाट पाहत बसले तर ती संधी जाते. शास्त्रीय नृत्यात शरीर फार काळ थांबत नाही. लेखनाला मात्र घाई नसते. तेव्हा कोणती कला, आणि तिचे दार कोणत्या वयात कसे उघडते, याची चौकशी आधी व्हावी. भांडण हवेच असेल तर ते नंतर करता येईल.

शिक्षणव्यवस्थेने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम मध्येच सोडून पुन्हा येण्याची कल्पना मान्य केली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका अशी व्यवस्था त्यात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात दुसऱ्या सत्राअखेर मुख्य विषय बदलण्याची मुभा आहे. २०२१ पासून ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ अस्तित्वात आली असून तिच्यात विद्यार्थ्याने मिळवलेली श्रेयांके जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहतात. नावात बँक असली तरी इथे व्याज मिळत नाही, आणि जमा रक्कम सर्वत्र वटतेच असेही नाही: उष्मागतिकीची श्रेयांके शिल्पकलेच्या वर्गात कोणी स्वीकारणार नाही. कागदावरची लवचीकता आणि महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकी यांत अजून बरेच अंतर आहे. एक गोष्ट मात्र पालकांनी ध्यानात ठेवावी. प्रवेश सोडणाऱ्या विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवता येत नाहीत, असे आयोगाने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

राहिला कर्जाचा प्रश्न. इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली तयार केलेल्या आदर्श योजनेवर बहुतेक शैक्षणिक कर्जे बेतलेली आहेत. कर्ज मंजूर होते ते विशिष्ट संस्थेतील विशिष्ट अभ्यासक्रमासाठी. रक्कम एकदम न देता शुल्काच्या मागणीप्रमाणे टप्प्याटप्प्याने दिली जाते. परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. म्हणजे अभ्यासक्रमच सोडला तर सवलतीच्या काळाचा पायाच हलतो. उरलेले हप्ते नव्या अभ्यासक्रमाकडे आपोआप वळत नाहीत. त्यासाठी नव्याने विचार व्हावा लागतो, आणि नवी संस्था व नवा अभ्यासक्रम पात्र आहे की नाही हे पाहावे लागते. व्याज मात्र दरम्यान थांबत नाही. अनेक कुटुंबे हे सारे बँकेपासून लपवतात, जणू अभ्यासक्रम बदलणे हा काही गुन्हा आहे. पुढील सत्राचे शुल्क जाऊन पडण्यापूर्वी कळवले, तर निदान तो एक हप्ता वाचतो आणि परतफेडीचा नवा आराखडा वेळेवर मांडता येतो. नंतर कळवले, तर खाते थकीत होते, आणि पालक सहकर्जदार असल्याने त्याची नोंद दोघांच्याही पत-अहवालात उमटते. मग ज्या नव्या शिक्षणासाठी हा सारा खटाटोप चालला त्याच्याच कर्जाला अडचण येते.

बँकेतल्या अधिकाऱ्यांनाही इथे थोडे सांगण्यासारखे आहे. अशा वेळी समोर बसलेला पालक कर्जाची चौकशी करता करता मुलाविषयी बोलू लागतो. त्याला उपदेश नको असतो. उरलेले मुद्दल किती, आजवरचे व्याज किती, नव्या अभ्यासक्रमाचे शुल्क किती, आणि महिन्याला हप्ता किती पडेल, हे चार आकडे एका कागदावर लिहून मिळाले तर त्याला पुरे असते. आकडा दिसला की भीतीला निदान आकार येतो. आणि शक्य असेल तेव्हा विद्यार्थ्यालाही सोबत बोलवावे. कर्ज त्याच्या नावावर आहे, सही त्याची आहे. तरी वर्षानुवर्षे शाखेत येतात ते वडीलच. हप्त्याचा आकडा वाचून झाल्यावरही तो मुलगा रेखाटनांची वही पुढे सरकवतो की गप्प राहतो, हे त्या टेबलाशी बसलेल्या दोघांनाही पाहायला मिळेल.